गाठ चवताळते म्हणे

“जायंट सेल ट्यूमर,” डॉक्टर म्हणाल्या आणि मला फक्त जायंट एवढंच ऐकू आलं. मग त्यांनी समजावलं. गाठ राक्षसाएवढी नव्हती, तिच्यातल्या काही पेशी मोठ्या होत्या. हाडातली ही गाठ क्वचित आढळते. बहुतेकदा ती कॅन्सर नसते, पण हाड आतून पोखरते.

हे एका बारीक सुईमुळे कळलं. ती टोचून घ्यायला मला घरच्यांशी भांडावं लागलं.

गुडघा दुखायचा. इथे कॅनडात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसल्यामुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. मग बर्नाबीच्या ऑफिसात जिना उतरताना पायच लटपटला. एक्स-रेमध्ये गुडघ्याजवळच्या हाडात पोकळी दिसली. कॅन्सर असेल तर पायही गमवावा लागू शकेल, असं कळलं. डॉक्टरांनी फाइन नीडल ॲस्पिरेशन, म्हणजे सुईने पेशी ओढून तपासायला सांगितलं.

नागपूरहून दादाचा फोन आला. “सुई लावू देऊ नको. गाठ चवताळते.”

मावशीची गाठ सुईमुळेच पसरली, असं आमच्या घरात सगळे मानतात. तिने ती कित्येक महिने लपवली होती, हे कोणी बोलत नाही. मला संताप आला. पाय माझा, आणि त्यात काय आहे हे मीच जाणून घ्यायचं नाही?

तरी भीती होतीच. मी डॉक्टरांना विचारलं, “विल द ट्यूमर गेट अँग्री?”

त्यांनी उलट विचारलं, “यू मीन, विल इट स्प्रेड?”

ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच सुईचा मार्ग ठरवला होता. पुढे चीरही तिथूनच द्यायची आणि सुईची वाटही काढून टाकायची, म्हणजे पसरण्याचा धोका अगदी कमी. तुम्हीही हे आधी विचारून घ्या.

जागा बधिर केली, तरी हाडापाशी दाब जाणवला. मी दात आवळून छताकडे बघत राहिले. रिपोर्टची वाट बघणं त्याहून वाईट होतं.

आता गाठ खरवडून काढतील आणि पोकळी बोन सिमेंटने भरतील. ती परत येऊ शकते, म्हणून तपासण्या चालू राहतील. पाय मात्र माझाच राहणार. तुमच्याही घरी असा दादा असेल. त्याची माया घ्या, सल्ला घेऊ नका.

रिपोर्ट सांगितल्यावर माझ्या दादाने हळूच विचारलं, “चवताळली नाही ना?”

“ती नाही, दादा. मी चवताळलेय.”

तो म्हणाला, “ऑपरेशन कधी आहे? मी येतो.”