ग्राइंडरची पिन

आमच्या घरी वीज गेली की कोणी बटन बंद करत नाही. पंख्याचं, कूलरचं, सगळं चालूच ठेवायचं, म्हणजे लाइन परत आली की कुठल्याही खोलीत बसून कळतं. सालेकशाकडच्या आमच्या गावात लाइन दिवसातून दोनतीनदा जाते.

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नोकरीतून निवृत्त झाल्यावर रिकाम्या गोठ्यात सुतारकाम करू लागले. गोंदियाहून त्यांनी ग्राइंडर आणला आणि त्याला लाकूड कापायचं दातेरी चाक लावलं. मी कॉलेज संपवून घरी होते. फळीचं दुसरं टोक धरायला ते मला बोलवायचे. त्या कामात बोलावं लागत नसे, म्हणून मी जायचे.

मशीनसोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. "वाच, तू इंग्लिशवाली," ते म्हणाले. मी वाचून मराठीत सांगू लागले. डोळ्यांवर गॉगल लावा.

"चष्मा हाये ना."

चाकावरचं कव्हर काढू नका.

"कव्हर लावलं त रेघ दिसत नाही."

सैल कपडे नकोत. त्यांनी आपल्या लुंगीकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीकडे. "हे तुयासाठी लिवलं हाये."

मी ओढणी कमरेला बांधली. चौथी सूचना अशी होती की वीज गेली तर बटन बंद करून बोर्डातली पिन काढा. तोवर ते मशीन हातात घेऊन उभे होते. मी ती वाचली, पण सांगितली नाही.

काही दिवसांनी दुपारी दिवाणाचे पाय कापताना लाइन गेली. चाक फिरत फिरत थांबलं. या ग्राइंडरचं बटन पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहतं. बोट काढलं तरी मशीन चालूच. चाकाचे दाते बोथट झाले होते. लाइन नाही तोवर ते बदलून टाकावं म्हणून मोठ्या बाबांनी मशीन मांडीवर घेतलं. डाव्या हातानं चाक धरलं आणि उजव्या हातानं पाना लावला. बटन पुढेच होतं.

मला ते दिसत होतं. त्यांना काय म्हणावं याचं वाक्य मी मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. शेवटी मी फळी खाली ठेवली, दाराजवळच्या बोर्डापर्यंत गेले आणि पिन काढली.

"काऊन काढली वं?"

"लाइन येईल."

"येईन तवा येईन. लाइन नाही त मशीन का आपल्या मनानं फिरते? लाव."

मी लावली नाही. पिन हातातच धरून उभी राहिले. तेवढ्यात मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली. तिला ते म्हणाले, "पाह्य, हे पोरगी तोंडानं बोलत नाही, सीधी पिनच काढते."

"तुमच्यासंग बोलून कोणाचं चाललं आजवर?" मोठी आई म्हणाली, आणि कप ठेवून गेली.

जुनं चाक निघालं. ते नवं बसवत होते तेव्हा गोठ्यातला बल्ब लागला. आत कूलर घरघरू लागला. मोठ्या बाबांची चारही बोटं चाकावर होती. त्यांनी बल्बकडे पाहिलं, मग बटनाकडे. हात काढला, बटन मागे सरकवलं आणि नट घट्ट केला.

"आता लाव," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. चहा त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी जेवताना ते माझ्या वडिलांना सांगत होते, "लाइन गेली त मीच सांगतलं तिले, पिन काढ म्हणून. मशीनचं काम हाये, ध्यान ठेवा लागते."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी लाइन गेली तेव्हा मोठे बाबा स्वतः उठून बोर्डाकडे गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. म्हणून मी त्यांचं ते बोलणं कधी दुरुस्त केलं नाही.