भोक पडलेलं अळूचं पान

उजेड डावीकडून आल्याशिवाय वरणभाताला हात न लावणारा माणूस जगात एकच, आणि तो लंडनच्या हॅरो भागात आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. शेजारचे काका निवृत्त भूलतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर त्यांना जुन्या फ्रेंच दागिन्यांच्या चित्रांचा नाद लागला. दागिना घडवण्याआधी करड्या कागदावर रंगवलेली, दागिन्याच्याच मापाची चित्रं: चतुर किडे, काटेरी फुलं, वाळकी पानं. त्या सगळ्यांत उजेड म्हणे वरून, डावीकडून. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला आले की काका आधी खुर्च्या फिरवतात, मग "आज काय केलंयस?" विचारतात.

दर मंगळवारी ते ही चित्रं बघायला म्युझियमच्या स्टडी रूममध्ये जातात. तिथे फक्त पेन्सिल चालते, म्हणून निघताना खिशातली सगळी पेनं आमच्या लेटरबॉक्समधून आत टाकतात. माझ्या फ्रिजवरच्या यादीत 'मंगळवार: काकांची पेनं' अशी कायमची ओळ आहे. घरी येऊन स्वतःची डिझाइन्स काढायची, कापायची आणि काकूंच्या कार्डिगनला टाचून बघायची. एकदा काकू तसाच कागदी चतुर लावून सुपरमार्केटमध्ये गेल्या. बिलाच्या टिलवरची बाई "हाऊ लव्हली!" म्हणाली, तर काका घाईघाईने म्हणाले, "नो नो, दॅट्स ओन्ली अ ड्राफ्ट!"

मग काकूंची नजर अधू व्हायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बारीक काही दिसेनासं होईल. त्याआधी काकूंना एक ब्रोच घडवून द्यायचाच, असं काकांनी ठरवलं. त्यांच्याच ग्रीनहाउसमधल्या अळूचं पान सोन्यात, त्यावर थेंब म्हणून छोटा हिरा, आणि गोगलगायीनं खाल्लेलं भोक.

"अहो, सोन्याला भोक?" काकू म्हणाल्या. "मी फदफद्यालासुद्धा असलं पान घेत नाही."

"फ्रेंच लोक खाल्लेलं पान खाल्लेलंच काढायचे!"

पण भोकाची जागा काही ठरेना. शेवटी कुठल्या तारखेपर्यंत काय ठरवायचं याची यादी मी करून दिली. काकांनी तिच्या पाठीमागे आणखी सतरा भोकं काढली.

ब्रोच घडून आला तेव्हा काकूंना खिडकी दिसत होती, तळहातावरचं पान नाही. काकांनी सवयीने त्यांची खुर्ची फिरवली, आणि आता याचा उपयोग नाही हे लक्षात आल्यावर खुर्चीची पाठ धरून ते तसेच उभे राहिले. काकूंनी पानावरून अंगठा फिरवला. शीर, थेंब, कड. मग अंगठा थांबला.

"मेली गोगलगाय," त्या हसल्या. "सापडली हो. आपलंच पान आहे."

अजूनही रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला येतात. ब्रोचवर उजेड डावीकडून पडेल अशी काकूंची खुर्ची मी आधीच फिरवून ठेवते. काका बघत बसतात, काकूंचा अंगठा भोकावर. एवढं एकच काम मला यादीत लिहावं लागत नाही.