जहाजाची पोझिशन

न्यूझीलंडच्या डोंगरात एकट्याने भटकायचं म्हणून मी उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतलं आणि सिंगापूरच्या एमआरटी मेट्रोत बसून बायकोला फोनवर ठणकावलं, "सगळ्यात साधा प्लॅन घेतलाय. ट्रॅकिंग बंद! दर दहा मिनिटांनी ठावठिकाणा कळवायला मी काय कुरिअरचं पार्सल आहे?"

समोरचे रापलेले गृहस्थ उखडलेच. हात स्वच्छ होते, तरी रुमालाने एकेक बोट पुसत ते मराठीत कडाडले, "जहाजावर इंजिनिअर होतो मी. रोज दुपारी जहाजाची पोझिशन कंपनीला जायची. मालाची काळजी हो! माझ्या बायकोला मात्र बंदर लागेपर्यंत पत्ता नसायचा. आणि तुम्ही हातातलं बटण बंद ठेवता?"

मीही पेटलो. भांडत भांडत त्यांच्यामागे सेम्बावांग स्टेशनला उतरलो. "ती पाळत ठेवेल माझ्यावर!"

"ठेवणारं कोणी आहे, याचा राग येतो तुम्हाला?" एवढं बोलून, बोटं पुसतच ते निघून गेले.

स्टेशनबाहेर उघड्यावर येऊन मी रागारागाने ट्रॅकिंग चालू केलं आणि तिला लिंक पाठवली. थोड्याच वेळात फोन वाजला.

"अरे, सेम्बावांगला काय करतोयस? आपलं यिशुन स्टेशन मागे राहिलं!"