टिकणारा फोटो

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका वस्तू जपणारा माणूस अख्ख्या सुरतेत झाला नसेल. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते रंगखात्यात होते. दिवसभर रंग उडालेलं, डागाळलेलं कापड बघून कुठलीही गोष्ट टिकते यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. गोडादऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत टीव्हीच्या रिमोटपासून देवाच्या तसबिरीपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये असायचं. त्या नव्वदच्या दशकात लॅमिनेशनची दुकानं निघाली आणि पाहुण्यांना, आम्ही त्यांना पाहुणेच म्हणायचो, जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. लग्नपत्रिका, धुळ्याच्या शाळेचा दाखला, सगळं कडक झालं. रेशनकार्डही मिटलेलंच लॅमिनेट झालं. ते उघडेना म्हणून रेशनच्या दुकानदाराने परत पाठवलं, तर पाहुणे मला म्हणाले, "साखर काय, संपतेच वहिनी. कार्ड राहिलं पाहिजे."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी नणंदेला दिवस गेले. सोनोग्राफी ठरली, तेव्हा पाहुण्यांनी बाळापेक्षा बाळाच्या फोटोचीच चौकशी जास्त केली. डॉक्टरीणबाईंनी तीन प्रकार सांगितले: मशीनमधून निघणारा गुळगुळीत कागदी फोटो, एक्स-रेसारखी फिल्म, आणि व्हिडिओ कॅसेट, जिच्यात बाळ हलताना दिसतं.

"कॅसेटच घ्या," मी म्हटलं.

"सुरतेच्या हवेत कॅसेटला बुरशी लागते, वहिनी."

"मग फिल्म घ्या."

"तिच्यावर चरे पडतात. कागदच बरा."

"जपा हं, पुसट होतो तो," असं बाईंनी बजावलं, आणि पाहुण्यांचा बेत पक्का झाला.

फोटो सगळ्या गल्लीने पाहिला. करड्या धुक्यात एक डोकं, नाक, तोंडाशी नेलेली मूठ. दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांनी तो लॅमिनेशनला दिला. त्या कागदावरचं चित्रच मुळी उष्णतेने उमटलेलं असतं, हे कुणाला ठाऊक होतं? तापलेल्या रुळांमधून तो बाहेर आला तो काळाकुट्ट, कडक, चारी बाजूंनी नीट कापलेला.

"पाहुणे, रंग मात्र पक्का बसला," मी म्हटलं. सगळे हसलो, तेही हसले. पुढच्या महिन्यात दुसरा काढू, त्यात काय.

पुढच्या महिन्याच्या आतच बाळ पोटातच गेलं. ते बाहेर काढलं तेव्हा नणंद गुंगीत होती. तिला दाखवू नका, असं मोठ्या बायकांनी ठरवलं आणि ती शुद्धीवर येईपर्यंत बाळाला पुरायला घेऊनही गेले. पाहुणे डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. मशीनमध्ये जुनं काही साठत नाही, असं त्या म्हणाल्या. बुरशी लागलेली का होईना, ती कॅसेट असायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

नंतर एका दुपारी मी गेले, तर नणंद कपाट आवरत होती आणि तिच्या हातात तो काळा तुकडा होता. टाकून दे आता, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पाहुणे मिलमधून आले. हातपाय न धुताच तिच्याशेजारी खाली बसले.

"सांग ना परत," ते म्हणाले, "नाक कुठे होतं?"

तिने त्या काळ्यावर बोट ठेवलं.