आमच्या बाकाचा कायदा

किस्से मुद्दाम कोणी साठवत नसतं. घरात जुने खिळे साठतात तसे ते साठतात. काही काम निघालं की डबा उपडा करायचा. मग पाहिजे तो खिळा सोडून बाकीचे सगळे हाताला लागतात. माझं तसंच झालं. महिनाभर खिशात एक फॉर्म घेऊन फिरलो. भरायला बसलो की किस्से हाताला लागायचे अन् फॉर्म तसाच राहायचा.

फॉर्म सुमनचा. सुमन म्हंजे माझी बायको. दोन वर्षांखाली गेली. तिच्या नावाचं डीमॅट खातं आहे, त्यात तिचे शेअर आहेत, अन् नॉमिनी मी. मृत्यूचा दाखला लावायचा, सही करायची. शेअर माझ्या खात्यात येतात अन् तिचं खातं बंद होतं. एवढंच काम. मी चौथी शिकलेला माणूस, पण मलाही कळतं. करवत नव्हतं, ही गोष्ट येगळी.

*

आमच्या शहरातल्या गारखेड्यात पिठाच्या गिरणीच्या वर प्रमोदचं ऑफिस आहे. शेअर घेऊन देणं, विकून देणं हा त्याचा धंदा. आता सगळं मोबाईलवर आलं, गिऱ्हाईक जिना चढत नाही. तरी भिंतीवरचा टीव्ही अन् त्याच्या समोरचं लाकडी बाक त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर आम्ही त्याच्या घरी जाऊन बसलो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

बाकावर चौघं असायचो. मी, चिकलठाण्याच्या कंपनीत प्रेस चालवून रिटायर झालेला. गायके सर, पिशोरकडचे, गणिताचे मास्तर. रशीदभाई पेंटर, निम्म्या शहराच्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. डिजिटल बोर्ड आले अन् त्यांचा ब्रश वाळला. अन् खिडकीकडच्या टोकाला सुमन. ती माझा डबा द्यायला यायची अन् परत जायचीच नाही.

बाकाचा कायदा एकच. विकायच्या आधी बाकाला सांगायचं. एकानं जरी ‘थांब’ म्हटलं तर त्या दिवशी विकायचं नाही. का थांब, हे विचारायचं नाही. साडेतीनला बाजार बंद झाला की तो ‘थांब’ संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं. एकाच माणसाला लागोपाठ दोन दिवस ‘थांब’ म्हणता येत नाही, मधी दुसऱ्याची पाळी पाहिजे. अन् वयानं मोठा असला तरी ‘थांब’च म्हणायचं, ‘थांबा’ नाही. बाकावर सगळे सारखे.

हा कायदा कोणी लिहून ठेवला नाही. पण इतक्या वर्षांत मोडलाही नाही कोणी.

*

कायद्याचा पहिला मोठा मार गायके सरांना बसला.

त्यांच्या पुतण्यानं पिशोरहून व्हॉट्सॲपवर एक बातमी धाडली. अमकी कंपनी बुडणार, आजच निघा. सर तडक जिना चढून आले, धापा टाकत प्रमोदला म्हणाले, सगळे काढ. मास्तर माणूस, वर्गात पोरांना सांगायचा, उदाहरण पूर्ण वाचल्याशिवाय सोडवू नका. अन् स्वतः बातमी अर्धीच वाचलेली.

सुमन पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थांब."

सर लई तापले. पण कायदा म्हंजे कायदा. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी थांबवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुमननं. चौथ्या दिवशी आम्ही तिघं गप्प बसलो. प्रमोदनं विचारलं, सर, काढू?

सर बाकावर बसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आबा, मी का विकत होतो हो?"

ते शेअर अजून त्यांच्याकडंच आहेत. वर आहेत का खाली, मला सांगत नाहीत.

*

सुमन अंगठा लावायची. बँकेत, रेशनला, सगळीकडं अंगठा. खातं उघडायचं ठरलं तेव्हा प्रमोद म्हणाला, अंगठ्यानं उघडंल, पण भानगडी लई. मावशी, सही शिका.

शिकवणार कोण? मला माझीच सही दोनदा सारखी येत नाही. गायके सरांनी दोन दिवस प्रयत्न केला अन् तिसऱ्या दिवशी तिनंच त्यांना सांगितलं की सर, तुमी रागावता. मग रशीदभाईंनी पेन हातात घेतला. पंधरा दिवस बाकावर बसून, जुन्या वर्तमानपत्रावर, त्यांनी तिला तिचं नाव शिकवलं. पण तो माणूस पेंटर. त्याला अक्षर म्हंजे दुकानाची पाटी. सुमनची सही आली ती किराणा दुकानावर शोभंल अशी. प्रत्येक अक्षराला पोट, पोटाला सावली, अन् खाली एक वेलांटीदार रेघ.

फॉर्म भरायच्या दिवशी ती पूर्ण कागदभर पसरली. प्रमोद म्हणाला, "मावशी, चौकटीत बसत नाही ही."

सुमननं कागद त्याच्याकडं सरकवला. "मंग चौकट मोठी काढ."

तीन फॉर्म वाया गेले. चौथ्याला प्रमोदनं वरच्या ऑफिसात विनंती करून तशीच सही मंजूर करून घेतली. त्या वाया गेलेल्या तिन्हींमधला एक माझ्याकडं आहे.

*

त्याच दिवशी माझंही खातं नवं करायचं होतं. प्रमोद म्हणाला, नवराबायको आहात, एकमेकांना नॉमिनी करा.

सुमननं विचारलं, नॉमिनी म्हंजे काय. प्रमोद चांगल्या घरचा पोरगा, त्याला सरळ बोलवंना. तो म्हणाला, म्हंजे मावशी, पुढं कधी, लई पुढं, तुम्ही नसताना हे कोणाला द्यायचं.

"यांना," ती म्हणाली. "अन् यांचं?"

"तुम्हाला."

"अन् दोघं संगंच गेलो तर?"

प्रमोदनं गायके सरांकडं बघितलं. सरांनी टीव्हीकडं बघितलं. रशीदभाई हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. शेवटी तिनंच सांगून टाकलं, "ऱ्हाऊ दे. जो मागं राहील त्यानं बघावं." अन् तिची ती पाटीसारखी सही खाली काढून मोकळी झाली.

*

कंपन्या दरवर्षी जाडजूड अहवाल पाठवायच्या. गुळगुळीत कागद. गायके सर आकडे वाचायचे, मी रद्दीचा भाव धरायचो, अन् सुमन फोटो बघायची. पुढं मत द्यायचं असतं, अमक्या साहेबाला डायरेक्टर ठेवायचं का नाही. शेअर दहा असले तरी मत आपलं.

ती एकेक फोटो खिडकीकडं धरायची. हा बरा आहे. ह्याला बायको जेवायला घालत नसंल. हा घरात कोणाशी बोलत नाय. एकाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "ह्याला नको. हा हसतोय, पण कोणीतरी हस म्हटलं म्हणून."

प्रमोदनं मोबाईलवर तिचं मत टाकलं, विरोधात. तो साहेब अर्थातच निवडून आला. दोन वर्षांनी टीव्हीवर बातमी लागली की त्यानं राजीनामा दिला, घरगुती कारणानं. रशीदभाई उभे राहिले अन् सुमनला सलाम केला. मी तिला विचारलं, तुला काय दिसलं होतं त्याच्यात?

म्हणाली, "काय नाय. लग्नाच्या फोटोत तुमी तसेच हसलेले."

*

पाचोडकडचा एक मोसंबीवाला एकदा जिना चढून आला. बाकावरचा नव्हता, कोणाच्या तरी ओळखीनं आलेला. मोबाईल पुढं करून म्हणाला, बघा, तुमी इथं बाक झिजवता, माझे तीन आठवड्यांत दुप्पट झाले. कोण्या ग्रुपवरच्या मॅडम त्याला रोज सांगायच्या काय घ्यायचं. ॲप पण त्यांचंच. सगळं हिरवंगार.

गायके सरांनी टक्केवारी काढली, म्हणाले, असं होऊ शकत नाही. मी म्हटलं, मूर्ख आहेस. तो दोघांवरही चिडला. सुमननं मात्र त्याला पाणी दिलं अन् विचारलं, "भाऊ, त्यातलं थोडं काढून घरी नेलं का कधी?"

नव्हतं नेलं. तिथंच बसून त्यानं काढायचा प्रयत्न केला. मॅडमचा मेसेज आला, आधी टॅक्स भरा मग निघतील.

त्यानं मोबाईल बाकावर पालथा ठेवला. सुमननं माझा डबा त्याच्या पुढं सरकवला. मी त्या दिवशी उपाशी राहिलो, हे कोणाच्या लक्षात नाही.

तो वाचला थोडक्यात. जेवढे घातले होते तेवढे गेले, पण टॅक्सच्या नावानं आणखी भरले नाहीत. दर हंगामात अजून मोसंबीची एक पिशवी जिन्यावर ठेवून जातो. सुमन गेली हे त्याला कोणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

*

ती गेल्यावर बाकावर तिघं उरलो. खिडकीचं टोक रिकामं.

एक नवा माणूस शेअर घ्यायला आला अन् तिथं बसायला लागला. रशीदभाई म्हणाले, "वहाँ नको साहेब. ऊन येतं." तो उठून खुर्चीवर बसला.

ती खिडकी उत्तरेला आहे. तिथं जन्मात ऊन आलं नाही.

*

तिचा फोन मी चालू ठेवला. बटनांचा फोन, तिनंच शिवलेल्या पिशवीत, दोरीसकट. दर वेळी रिचार्ज करतो. दुकानदार म्हणतो, आबा, हा नंबर कोण वापरतं, बंद करा की. मी म्हणतो, तू तुझं दुकान बघ.

कंपनी डिव्हिडंड देते तेव्हा तो वाजतो. फार नसतात, चार-दोन रुपड्या. पण मेसेज तिच्या नावानं येतो. वरती तिचं नाव, पुढं श्रीमती. इतक्या मोठ्या दुनियेत तिला अजून कोणीतरी नावानं हाक मारतंय, ते कंपनीचं कॉम्प्युटर. मी गायके सरांकडून वाचून घेतो. मला वाचता येतं. तरी वाचून घेतो.

म्हणून फॉर्म राहिला. नाशिकहून मुलगी फोन करायची, बाबा, दिला का? मी म्हणायचो, देतो. पहिला फॉर्म तर धुण्यात गेला. शर्ट बादलीत टाकला अन् वर आला तो लगदा. आधी खिसे तीच तपासायची. मला ते काम असतं हेच माहीत नव्हतं.

प्रमोदनं दुसरा दिला. तोही खिशात बसला. शेवटी रशीदभाई माझ्याशी भांडले. म्हणाले, "आबा, भाभी असत्या तर एक कागद महिनाभर खिशात ठेवू दिला असता का तुम्हाला? किती घाण करून ठेवलीय बघा त्याची."

बघितलं. खरंच घाण झाली होती.

*

सोमवारी गेलो. दाखला दिला, तिसरा, कोरा फॉर्म घेतला, सही केली. माझी सही पहिल्यांदाच चौकटीत बसली. प्रमोदनं शिक्का मारला. झालं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. खाली गिरणी चालू होती.

मग प्रमोद म्हणाला, आबा, शेअर येतील तुमच्या खात्यात, तर तुमच्या खात्याचे कागदही आजच नीट करून टाकू. त्यानं कॉम्प्युटरवर माझं खातं उघडलं अन् तसाच थांबला. मग पडदा माझ्याकडं वळवला.

माझ्या खात्याला नॉमिनी सुमन होती.

ते मी विसरलो होतो, असं नाही. तिथं कोणी बघंल, हे डोक्यात आलं नव्हतं.

प्रमोद हळू आवाजात म्हणाला, हे बदलावं लागंल. मावशीच्या जागी नाशिकच्या ताईंचं नाव टाकू, दोन मिनिटांचं काम. त्यानं बोट बटनावर नेलं. "काढू का नाव, आबा?"

मी पडद्यावरचं तिचं नाव वाचलं, मग परत वाचलं.

रशीदभाई टीव्हीकडंच बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "थांब."

प्रमोद म्हणाला, "चाचा, हा काय सौदा नाही."

"थांब म्हटलं ना बेटा."

प्रमोदनं बोट काढून घेतलं. साडेतीनला बाजार बंद झाला. आम्ही चहा पिऊन उठलो.

मंगळवारी प्रमोदनं पुन्हा माझं खातं उघडलं. कायद्यानं रशीदभाईंना त्या दिवशी ‘थांब’ म्हणता येत नव्हतं. गायके सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला, परत घातला, अन् म्हणाले, "थांब."

बुधवारी रशीदभाई. काल सर.

आज शुक्रवार आहे. रशीदभाईंना बरं नाही, ताप आहे म्हणून निरोप आला होता. मी अकरा वाजता जिना चढलो तर शाल गुंडाळून ते बाकावर बसलेले.