चार रविवार नुसतं खरं

आमच्या चर्चच्या मंडळीत अकरा घरं आहेत, आणि किस्से साठायला तेवढी पुरतात. चहाला बसलं की एक जण सांगतो, दुसरा त्यात दुरुस्ती करतो आणि तिसरा म्हणतो, "तू तं तिथं नव्हताच बे." या नाताळात साठले ते किस्से मात्र मी स्वतः ओढवून घेतले होते.

जळगाव जामोदच्या पुढे, दारातून सातपुडा दिसतो अशा गावात आमचं पत्र्याचं चर्च आहे. चार वर्षं तमिळनाडूत नर्सिंग शिकून मी दिवाळीच्या सुमारास परत आले. आमच्याकडे उपासनेत साक्ष देतात. उभं राहायचं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि सगळ्यांनी "आमेन" म्हणायचं. पण साक्षी वर्षानुवर्षं त्याच. ताप उतरला, म्हैस सापडली.

मी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना म्हटलं, "नाताळाआधीच्या चार रविवारी प्रत्येकानं आपण लपवलेली एक खरी गोष्ट सांगायची. सत्य जगात आलं म्हणून आपण सण करतो ना? मग ते यायच्या आधी घर तरी झाडून ठेवू."

"छान आहे," पाळकसाहेब म्हणाले. "सुरुवात तू कर."

"मी शेवटच्या रविवारी," मी म्हटलं.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आता चर्चचे पंच आहेत. ते एवढंच बोलले, "बोर्ड वाचूनच गाडीत चढजो, पोरी."

शेवटचा रविवार मी मागून घेतला होता, कारण मी नापास झाले होते. एकाच पेपरात, पण बाळंतपणाच्या. ख्रिस्तजन्माची तयारी करणाऱ्या मंडळीत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी मी पास झाले म्हणून सांगितलं होतं आणि बाबांनी अकराही घरी पेढे दिले होते. मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, असं मी धरून चालले होते. फेरपरीक्षा जानेवारीच्या शेवटी होती. तोवर काहीतरी निमित्त काढून जाऊन यायचं, असा माझा बेत होता.

*

पहिल्या रविवारी बराच वेळ कोणी उठेना. सगळे एकमेकांच्या चपलांकडे पाहत होते. शेवटी आमच्या शेजारच्या शालूमावशी गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"देशमुखकाकू मले दिवाळीत शंकरपाळे देते. मी ते डब्यात झाकून ठेवते अन् नाताळात त्यायलेच फराळ म्हणून परत पाठवते. माह्याच्यानं तळण होत नाही आता. पाच वर्षं झाले."

"आमेन," सगळे म्हणाले, पण जरा चाचरत.

मी उत्साहात होते. म्हटलं, "मावशी, काकू चर्चला येत नाहीत, त्यांनाही हे सांगायला हवं." सोमवारी सकाळी मी त्यांना देशमुखांच्या ओट्यावर घेऊन गेले. मावशींनी सगळं सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मले माहीत हाय, शालू. म्हणून तं तुह्या डब्यातले मी जाड लाटते. दोन महिने टिकले पाह्यजे ना."

*

दुसऱ्या रविवारी सायमनआबा उठले. ऐंशीच्या घरातले, पांढरं धोतर, कायम पहिल्या बाकावर. मंडळीत त्यांच्या प्रार्थनेचा मोठा लौकिक. डोळे मिटले की अर्धा तास मान हलत नाही.

"मी झोपतो," आबा म्हणाले.

कोणाला काही समजेना.

"पाळकसाहेबाची प्रार्थना सुरू झाली की मी झोपतो. 'आमेन' ऐकलं की उठतो. तुमी लोक मले भक्तिमान समजून राह्यले, ते काही खरं नाही."

पाळकसाहेब लाल झाले. मग हसले आणि म्हणाले, "माझंही ऐका. प्रार्थना लांबते तेव्हा मला उपदेशाचा पुढचा मुद्दा आठवत नसतो. आठवेपर्यंत मी सगळ्या जगासाठी प्रार्थना करतो."

त्या दिवसापासून आमची उपासना वीस मिनिटं आधी सुटते. सत्याचा इतका रोकडा फायदा मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

*

शनिवारी दुपारी चर्चसमोर आम्ही बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन नाताळची चांदणी बनवत होतो. बाबा गाठी मारत होते. शालूमावशींनी मला विचारलं, "तुले आठवते का, तुह्या बापानं तुलेच तिकीट फाडलं होतं ते?"

मला आठवत नव्हतं. मावशी तेव्हा आमच्यासोबत गाडीत होत्या. आई, मावशी आणि आईच्या मांडीवर मी. गाडी बाबांचीच. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट लागत नाही. बाबा तिकिटं छेदायचा चिमटा वाजवत आमच्यापर्यंत आले आणि त्यांनी आईला विचारलं, "लेकरू किती वर्षांचं?"

आई म्हणाली, "असं काय करता? चार लिहा."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "पाच वर्षं अन् दोन दिवस," म्हणाले आणि अर्धं तिकीट फाडलं.

सगळे हसले, बाबाही. मी कागदाला खळ लावत बसले. या माणसाला मी खोटं सांगितलं होतं.

*

तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर सायमनआबा घरी आले. हातात ताकदीच्या इंजेक्शनची बाटली आणि सुई.

"सिस्टर, दे टोचून."

गावानं मला कधीच सिस्टर करून टाकलं होतं. पास होऊन नोंदणी झाल्याशिवाय मी असलं काही करणं बरोबर नव्हतं. पण तसं सांगावं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार.

"आबा, माझा उजवा हात दुखतोय."

आबांनी शर्टाची बाही वर केली. "मंग डाव्या हातानं दे. माह्यी काही तक्रार नाही."

बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "आबा, चला, मी तुमाले दवाखान्यात नेतो." माझ्याकडे न पाहता त्यांनी गाडीला किक मारली.

त्या दिवशी मी जेवले नाही. लोकांची घरं झाडायला निघाले होते आणि माझ्या घरातला केर तसाच होता.

*

चौथ्या रविवारी चर्चमध्ये चांदणी लागली होती, गव्हाणीत वाळलेलं गवत अंथरलं होतं. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. दुसरीच एक किरकोळ कबुली घरून लिहून आणली होती, तो कागद पर्समध्येच राहिला.

"मी पास झालेली नाही," मी म्हणाले. "बाळंतपणाच्या पेपरात नापास झाले. जानेवारीत पुन्हा परीक्षा आहे. तुम्ही पेढे खाल्ले, ते माझ्या खोट्याचे होते. बाबांनाही मी खोटंच सांगितलं."

कोणीच आमेन म्हटलं नाही.

मग सायमनआबांनी विचारलं, "म्हणजे तुले सुई टोचता येते का नाही?"

"येते, आबा. पण इतक्यात टोचणार नाही."

"आमेन," आबा म्हणाले. मागून शालूमावशी म्हणाल्या, मग सगळे. मी बाकावर बसले.

बाबा सावकाश उठले. त्यांनी आपलं गीतपुस्तक उघडलं आणि मधून एक कागद काढला. घड्यांवर तो झिजून पांढरा पडला होता, म्हणजे कधीचाच तिथं असावा. चष्मा लावून, थांब्यांची नावं पुकारायचे त्याच आवाजात त्यांनी वाचलं,

"शेगाव ते चेन्नई. परीक्षेच्या दोन दिवस आधी पोचते. खालचा बर्थ."

मग कागद उलटा केला.

"येण्याचंही काढलं हाय."