सरबताचं दुसरं टोक

समस्त रसिकहो, सोसायटीचे सन्माननीय सभासद आणि जिन्यात चप्पल शोधत उभे असलेले इतर सर्व, कृपया शांतता राखा. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. डावखुऱ्या माणसाला सरबत पिळता येत नाही. हे विधान मी संपूर्ण जबाबदारीनं करतो आहे, कारण हे सत्य मला पन्नाशी उलटल्यावर, शेजारणीच्या स्वयंपाकघरात, ओल्या धोतराचं एक टोक धरून उभा असताना समजलं.

शेजारीण म्हणजे टोककाकू. हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. दारावरची पाटी यजमानांची होती, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली तरी पाटी तीच होती, आणि सोसायटीच्या मीटिंगला त्या कधी आल्या नाहीत. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी, बिनलिफ्टची इमारत. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक त्यांचं, एक माझं. हातगाड्यांवर काळी द्राक्षं दिसायला लागली की काकूंची बेल दाबणं धोक्याचं होई. तुम्ही कोणीही असा, कशालाही आलेले असा, काम सांगायच्या आत तुमच्या हातात धोतराचं टोक आलेलं असे.

धोतर त्यांच्या यजमानांचं. लग्नात एकदाच नेसले, मग जन्मभर पँट. "ते नेसत होते तेव्हा धोतराचा एवढा उपयोग नव्हता," असं काकू कोरड्या चेहऱ्यानं सांगत. त्याचा लांब पट्टा फाडून ठेवलेला होता आणि तो जांभळट गुलाबी होऊन गेला होता.

सरबत गावठी गुलाबाचं आणि काळ्या द्राक्षांचं. द्राक्षं दिंडोरीकडून, माहेरच्या मळ्यातून यायची. गुलाब लहान, विस्कटलेला, पण पिशवी उघडली की तिसऱ्या मजल्यापर्यंत वास जाणारा. पॉलीहाऊसमधला लांब दांड्याचा गुलाब त्यांना चालत नसे. "तो तुम्हा माइकवाल्यांच्या कामाचा. स्टेजवर द्यायला. पोटात घालायला नाय." पाकळ्या साखरेत चुरडून रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी द्राक्षं हातानं कुस्करायची. मिक्सर नाही, कारण मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि सरबत तुरट होतं. मग दोन्ही एकत्र कोमट करायचं, गार होऊ द्यायचं आणि धोतराच्या मधोमध ओतायचं. इथपर्यंत काकू एकट्या. इथून पुढे नियम असा, की धोतराला टोकं दोन म्हणून माणसंही दोन. एकानं इकडून पीळ द्यायचा, एकानं तिकडून, मध्ये परातीत धार. मग लिंबू, सैंधव, आणि पेल्यात भिजवलेला सब्जा. वर्षानुवर्षं दुसरं टोक यजमानांकडे होतं. ते गेल्यावर जागा रिकामी झाली आणि भरती खुली झाली.

मी त्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच मार्चमध्ये सापडलो. घरातली वीज गेली म्हणून समोर विचारायला गेलो होतो.

"काकू, तुमच्याकडे लाईट आहे का?"

"हाय की. या. धरा."

मी धरलं. काकूंनी पीळ द्यायला सुरुवात केली, मीही दिला. पट्टा गोल गोल फिरत राहिला. परातीत थेंब नाही.

"काकू, हे घट्ट होत नाहीये."

"तुम्ही फिरवताय कुठं?"

"फिरवतोय की."

"मग मी काय नुसती उभी हाय?" त्यांनी धोतराकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "डावरे का तुम्ही?"

"हो."

"मग आधी सांगायचं नाय का? मी जिकडं फिरवते तिकडंच तुम्ही पण फिरवताय. असं तर संध्याकाळपर्यंत फिरत राहील. उलटं फिरवा. लगीन झालंय का तुमचं?"

"नाही."

"तरीच."

वास्तविक मी धंद्यानं बोलणारा माणूस. लग्न, साखरपुडा, सेवापूर्ती, दुकानाचं उद्घाटन, कुठेही माइकवर उभा राहतो आणि अनोळखी लोकांना रडवून किंवा हसवून घरी पाठवतो. पण 'तरीच'नंतर मी निमूट उलटं फिरवलं. पट्टा ताठ झाला, आणि परातीत जी धार लागली तिचा रंग मी आजवर एकाही पैठणीवर पाहिलेला नाही.

"दोन्ही हात गुतले की माणूस खरं बोलतं," असं काकूंचं म्हणणं. हातात पीळ असताना खिशातला फोन वाजला तर वाजू द्यावा लागतो. उठून जाता येत नाही, कारण सोडलं तर सगळं सरबत भिंतीवर. समोरच्याकडे बघावंच लागतं, कारण तो हातभर अंतरावर आहे. अशा अडकलेल्या माणसाला काकू विचारत, "मग? घरी कोण कोण?" आणि बोटं चिकट झालेला माणूस सांगू लागे.

आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा नोटीस घेऊन आले होते. काकूंच्या गुलाबाच्या कुंड्यांचं पाणी खालच्या गॅलरीत पडतं, अशी तक्रार होती. त्या दिवशी मी परात धरायला होतो. चेअरमन म्हणाले, "काकू, हे जरा वाचून घ्या." काकू म्हणाल्या, "घेते ना. तोवर एवढं धरा." चेअरमननी कागद काखेत दाबला आणि टोक धरलं. दोन पीळ झाल्यावर, काही विचारलेलं नसताना, धोतराकडे बघत ते म्हणाले, "आमचा मुलगा दिवाळीपासून फोन उचलत नाही."

"पीळ सोडू नका," काकू म्हणाल्या. "बोला."

ते बोलले. बराच वेळ बोलले. काखेतली नोटीस मध्येच परातीत पडली. सरबत पुन्हा गाळून घेतलं, नोटिशीची चौकशी कोणी केली नाही. जाताना चेअरमनच्या हातात एक बाटली होती आणि ते जिन्यात नाक शिंकरत होते. मी त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवली तेव्हा काकूंनी माझ्या हातावर चमचा मारला. "हसायचं तर माझ्यावर हसा. त्यांच्यावर नाय."

काकूंचा स्वतःचा मुलगा बंगळुरूला. चांगला होता, रोज फोन करायचा, आणि प्रत्येक फोनमध्ये एकच धोशा, आई, गुडघे गेलेत, चार मजले चढतेस, इकडे ये. काकू म्हणत, "सरबताचा सीझन होऊ दे, मग येते." सीझन झाला की पाहुणे यायचे, मग पाऊस, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की द्राक्षांची छाटणी होऊन सीझन पुन्हा दिसायला लागे. एका वर्षी त्यानं ज्यूस काढायचं महागडं मशीन पाठवलं. म्हणाला, आता तुला कोणाला बोलवावं लागणार नाही. काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि वर मनी प्लांट ठेवला.

"चालवून तरी बघायचं," मी म्हणालो.

"बघितलं ना. त्याला विचारलं, घरी कोण कोण हाय, तर नुसतं घुर्र करतं."

मला हसू आलं. मग घरी येऊन कुलूप उघडलं आणि सवयीनं "नमस्कार मंडळी" म्हणालो. माझ्याकडे मंडळी म्हणजे एक फ्रीज, तोही घुर्र करतो.

आता मुख्य प्रसंग. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि काकूंची खिडकी एकाच डक्टमध्ये, समोरासमोर उघडतात. एका सकाळी मी चहा टाकायला उठलो. आदल्या रात्री पिंपळगावच्या लग्नात माझा आवाज बसला होता, म्हणून घरात गाणं नव्हतं, बडबड नव्हती. समोर काकू होत्या. त्यांनी धोतराचं एक टोक खिडकीच्या ग्रीलच्या गजाला गाठ मारून बांधलं. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. एक पाय ओट्याच्या खालच्या भिंतीला लावला आणि पीळ दिला. काय सांगू, ती धार आमच्या दोघांच्या हातून कधी निघाली नव्हती. गज हलत नव्हता, विनोद करत नव्हता, डावखुरा नव्हता. माझा चहा उतू जाईपर्यंत काकूंची अख्खी परात भरली होती. मग त्यांनी पट्टा सोडला, चोथा परत पातेल्यात टाकला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कशाला, ते मला कळलं नाही.

दुपारी माझी बेल वाजली.

"मोकळे हात का? जरा टोक धरायला या. एकटीला जमत नाय."

माझ्या तोंडात त्या क्षणी किमान तीन फर्मास वाक्यं तयार होती. एखाद्या लग्नात हशा वसूल झाला असता. पण त्या दारात उभ्या होत्या, मनगटावर धोतराच्या पिळाचा लाल वळ होता आणि पदरानं तो झाकायचं त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. मी वाक्यं गिळली. "आलोच," म्हणालो, तेही घोगऱ्या आवाजात.

आम्ही पिळायला लागलो. परातीत थेंब थेंब फिकट पाणी पडत होतं. सकाळी पिळून झालेल्या चोथ्यातून दुसरं काय पडणार?

"आज रस कमी आहे, काकू."

"द्राक्षंच तशी यंदा."

"फार पीळ द्यावा लागतोय."

"द्या मग. घाई हाय का कुठं जायची?"

घाई नव्हती. आम्ही त्या चोथ्याला ऊन उतरेपर्यंत पिळलं. मी त्यांना पिंपळगावच्या लग्नातला नवरदेव हारात अडकला ते सांगितलं, आणि मग, कसं कोण जाणे, माझी आई गेल्यापासून माझ्या वाढदिवसाला घरात कोणी दिवा ओवाळलेला नाही, हेही सांगितलं. काकूंनी पट्टा परातीत ठेवला. आत गेल्या, फ्रीजमधून सकाळचं, खरं सरबत काढलं आणि पेला माझ्यापुढे ठेवला. गडद, घट्ट, सब्जा घातलेलं. परातीतल्या पाण्यातून हे कसं निघालं, असं मी विचारलं नाही. त्यानंतर दर हंगामात मी जात राहिलो आणि दर वेळी टोक हातात घेताना तक्रार करत राहिलो, की माझ्याशिवाय या इमारतीत एक सरबत धड होत नाही.

यंदा संक्रांतीनंतर मुलगा स्वतः आला. गुडघे खरोखरच संपले होते. किराणा मी वर आणून देत होतो आणि काकूंनी महिनाभर जिना उतरलेला नव्हता. या वेळी त्यांनी सीझनचं नाव काढलं नाही. त्यावरूनच मला काय ते कळलं. टॅक्सीत बसवायला त्यांना खुर्चीतून खाली नेलं, चारही मजले, चेअरमन एका बाजूला आणि मी एका बाजूला. मी प्रत्येक मजल्यावर त्यांच्या आगमनाची घोषणा केली. त्या हसल्या नाहीत, पण माझी मान खाली ओढून एक पिशवी गळ्यात अडकवली. आत पट्टा होता, धुऊन घडी घातलेला.

मी म्हणालो, "काकू, दुसरं टोक कोण धरणार?"

त्यांनी खुर्चीतून वर, आमच्या डक्टच्या दिशेनं पाहिलं.

"तुमच्या ग्रीलचा मधला गज सैल हाय. माझ्या खिडकीतून दिसतो मला. कडंचा धरा."

टॅक्सी कोपऱ्यावरून वळल्यावर मी वर गेलो आणि मधला गज हलवून पाहिला. सैलच होता.

त्यांचा फोन येतो. बरं चाललंय म्हणतात. नात गोड आहे. "पण इथं बेल वाजली की आधी मोबाईलमध्ये बघतात कोण हाय. मग आतूनच सांगतात, बाहेर ठेवून जा. बाहेर ठेवून जाणाऱ्याच्या हातात मी टोक कसं देऊ?"

मार्चमध्ये मी फुलबाजारातून गावठी गुलाब आणला, हातगाडीवरून द्राक्षं आणली. पाकळ्या चुरडल्या, रात्रभर ठेवल्या. सकाळी सगळं कुस्करलं, कोमट केलं, गार केलं. कडेच्या गजाला गाठ मारली, पाय भिंतीला लावला आणि डाव्या हातानं, हव्या त्या दिशेला, पीळ दिला. गजाला माझं डावखुरेपण चाललं. परात भरली. लिंबू पिळलं, सब्जा घातला, पेला भरला आणि खिडकीशी उभा राहून प्यायलो. समोरच्या खिडकीला पडदा नव्हता, भांडी नव्हती, मनी प्लांटही नव्हता. चवीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. तीच तर पंचाईत होती. कमी असतं तर फोन करून विचारता आलं असतं. मी चोथा उचलला, फेकायला बादलीपर्यंत नेला, आणि परत आणून पट्ट्यात भरला. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, हातात रिकामी बादली. काकूंच्या फ्लॅटमध्ये कालच भाड्यानं आलेले, एकटेच. सटाण्याहून बदली झाली होती.

"नमस्कार. सॉरी हं, त्रास देतो. पाणी किती वाजता येतं इथं?"

मी "एक मिनिट" म्हणालो, स्वयंपाकघरात धावलो, गजाची घट्ट बसलेली गाठ दातांनी सोडवली आणि दोन्ही टोकं धरून, जमिनीवर जांभळे थेंब सांडत, दाराशी आलो. ते बादली घेऊन एक पाऊल मागे सरकले. तीस वर्षं माइकवर बोलणाऱ्या माणसाला साधं 'या' म्हणायचं होतं, पण तोंडातून आलं ते हे: "बरं झालं आलात. जरा हे टोक धरा. एकट्याला जमत नाही."